गाडी स्लोवर टिकत नाही? कार्बोरेटरच्या तुंबलेल्या वाटांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिमग्याला गावी लावून आलेली गाडी गणपतीला बाहेर काढायची. दहा-बारा किका मारल्यावर ती चोकवर सुरू होते, आणि चोक खाली केला की गप्प. रेस धरून ठेवली तर चालते, सोडली की बंद. कोकणातल्या निम्म्या अंगणांत दरवर्षी भाद्रपदात हाच प्रकार दिसतो. स्प्लेंडर, जुनी पल्सर, आरएक्स १००, बुलेट, चेतक, जुनी अ‍ॅक्टिव्हा अशा कार्बोरेटरवाल्या (कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) सगळ्या गाड्यांचं हे दुखणं एकाच घराण्यातलं आहे. मी मेकॅनिक नाही, पण गेली कित्येक वर्षं घरच्या आणि शेजाऱ्यांच्या गाड्यांचे कार्बोरेटर खोलतो आहे. लोक मला जे प्रश्न विचारतात, तेच इथे घेतले आहेत.

गाडी पळताना छान पळते, मग फक्त स्लोवरच का मरते?

कारण स्लोवर, म्हणजे रेस न देता, चालताना इंजिन पेट्रोल वेगळ्याच वाटेने पितं.

कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत पेट्रोल साठलेलं असतं. रेस दिली की आतली स्लाइड (हवेची वाट उघडझाक करणारा पडदा) उचलली जाते, हवा जोरात वाहते आणि ती मेन जेटमधून पेट्रोल वर ओढते (जेट म्हणजे बारीक भोकाचा पितळी तुकडा). रेस सोडली की स्लाइड जवळजवळ पूर्ण बसते. आता मेन जेटवरून जाणारी हवा इतकी मंद असते की तिला पेट्रोल उचलताच येत नाही. पण स्लाइडच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूला, ओढ मात्र जबरदस्त असते. त्या ओढीच्या जागी एक बारीक भोक ठेवलेलं असतं. वाटीतलं पेट्रोल पायलट जेटमधून वर येतं (काही जण त्याला स्लो जेट म्हणतात), फिल्टरच्या बाजूने आलेल्या थोड्या हवेत मिसळून त्याचा फेस होतो, आणि कार्बोरेटरच्या अंगातूनच खोदलेल्या वाटेने तो त्या भोकापर्यंत पोचतो. स्लोवर इंजिन जगतं ते एवढ्यावरच.

आता मापं पाहा. १०० ते १५० सीसीच्या गाडीत पायलट जेटचं भोक साधारण ०.३५ ते ०.४५ मिलीमीटरचं असतं. मेन जेटचा व्यास त्याच्या दुप्पट किंवा थोडा जास्त, म्हणजे क्षेत्रफळ चार-पाच पट. त्यामुळे जो कचरा मेन जेटमधून सहज निघून जातो, तो पायलट जेटमध्ये अडकतो. म्हणून गाडी सत्तरच्या वेगाने पळते आणि सिग्नलला बंद पडते.

वाट तुंबली आहे हे खोलण्याआधी कसं ओळखायचं?

चोक ओढून बघा. चोक इंजिनला हवेच्या मानाने जास्त पेट्रोल देतो. इंजिन गरम असतानाही अर्ध्या चोकवर ते शांत चालत असेल आणि चोक काढला की मरत असेल, तर त्याला पेट्रोल कमी पडतंय. कमी पडण्याची कारणं दोन: पेट्रोलची वाट तुंबली आहे किंवा कुठून तरी फुकटची हवा आत शिरते आहे.

दुसरी खूण रेस सोडल्यावर दिसते. आवाज लगेच खाली न येता वरच रेंगाळतो आणि मग अचानक कोसळतो. सायलेन्सरमधून रेस सोडताना फटफट फटाके येतात, तेही त्याच जातीचं. तिसरी खूण म्हणजे स्लोवर कशीबशी टिकते, पण जरा रेस दिली की एक गचका खाते आणि मगच उचलते. हा गचका बहुतेकदा बायपासच्या भोकांचा असतो. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो, कारण तीच सगळ्यात जास्त दुर्लक्षित असतात.

उलट चोक ओढल्यावर गाडी आणखी घुसमटत असेल, काळा धूर देत असेल, प्लग काजळीने काळा होत असेल, तर पेट्रोल जास्त होतंय. तेव्हा हे सगळं सोडा आणि आधी एअर फिल्टर, चोक परत बसतो की नाही आणि फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी) तपासा.

गॅरेजवाल्याने आयडलिंग वाढवून दिलं, गाडी चालते. मग बिघडलं काय?

काहीच दुरुस्त झालं नाही, हे बिघडलं. आयडलिंगच्या, म्हणजे स्लोचा वेग ठरवणाऱ्या, स्क्रूने स्लाइड थोडी वर उचलून धरली जाते. इंजिन आता स्लोच्या वाटेवर न चालता अर्धवट मेनच्या वाटेवर चालतंय. स्प्लेंडरसारख्या गाडीचं आयडलिंग १४०० आरपीएमच्या आसपास असावं. ती दोन हजारांवर ओरडत उभी राहिली की गिअर टाकताना खाडकन आवाज येतो, क्लच झिजतो, पेट्रोल जास्त लागतं. दोन आठवड्यांत वाट आणखी तुंबते आणि पुन्हा तोच स्क्रू पिळला जातो. तुंबलेल्या मोरीवर बादलीने पाणी ओतत बसण्याचा हा प्रकार आहे.

एवढा कचरा येतो कुठून? मी तर चांगल्या पंपावर पेट्रोल भरतो.

बहुतेक वेळा तो पंपावरून येत नाही, गाडीतच तयार होतो. वाटीत असतं जेमतेम काही चमचे पेट्रोल. गाडी उभी राहिली की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे उरतो चिकट, पिवळट-तपकिरी थर. फर्निचरच्या वॉर्निशसारखा दिसतो, वासही आंबूस येतो. हा थर पायलट जेटच्या भोकात पापुद्र्यासारखा बसतो. दोन-तीन महिने गाडी उभी राहिली तरी पुरे.

चेतक किंवा तशा टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं. पेट्रोल उडतं, ऑइल उडत नाही. त्यामुळे त्यांच्या वाटीत काकवीसारखा राब सापडतो.

मग इथेनॉल. आपल्याकडे २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे पोचलं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पावसाळ्यात चार महिने उभ्या असलेल्या गाडीत ही ओल वाढत जाते, आणि एका हद्दीनंतर पाणी-इथेनॉल पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतं. तळाशी म्हणजे नेमकं जेटच्या तोंडाशी. जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या अंगावर मग पांढरी भुकटी धरते आणि पितळी जेटवर हिरवट डाग. हा पांढरा क्षार वॉर्निशपेक्षा चिवट असतो, स्प्रेला दाद देत नाही.

टाकीतला गंज हे उरलेलं कारण. वाटीच्या तळाशी लालसर गाळ दिसला तर कार्बोरेटर धुऊन उपयोग नाही. आठवड्याभरात तीच पाळी परत. आधी टाकी आणि तिच्याखालच्या पेट्रोलच्या कॉकची जाळी बघा.

टाकीत टाकायचं क्लीनर मिळतं, त्याने काम भागेल का?

वाट अर्धवट तुंबली असेल तर कधीकधी भागतं. पूर्ण बंद असेल तर नाही, आणि याचं कारण साधं आहे: बंद वाटेतून काहीच वाहत नाही, मग औषध तरी तिथे पोचणार कसं? एक सोपी गोष्ट मात्र आधी करून बघण्यासारखी आहे. वाटीच्या बुडाला ड्रेनचा स्क्रू असतो. कॉक बंद करून तो सोडा आणि निघालेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत धरा. तळाशी पाण्याचे थेंब, गाळ, आंबूस वास, सगळं कळतं. नुसतं शिळं पेट्रोल काढून ताजं सोडल्यावर गाडी सुधारल्याचं मी पाहिलं आहे, पण ते नशिबाचं काम.

कार्बोरेटर घरी खोलता येईल का? काय काय लागेल?

येईल. आठ आणि दहाचा पाना, बरोबर मापाचे स्क्रू ड्रायव्हर, कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे (नळीवाला), एक स्टीलचं ताट, जुना सुती कपडा, डोळ्यांवर चष्मा आणि मोबाइल. मोबाइल फोटोसाठी. प्रत्येक पायरीला फोटो काढा, नंतर कोणती नळी कुठे होती हे आठवत नाही.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल जरा थांबून सांगतो. जपानी बनावटीच्या कार्बोरेटरचे चौफुली स्क्रू साध्या फिलिप्ससारखे दिसतात, पण त्यांची खाच थोडी वेगळी असते. साधा ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, पिळला की वर उसळतो आणि डोकं खाऊन टाकतो. वाटीचे चार स्क्रू असे खराब झालेली कितीतरी कार्बोरेटरं मी पाहिली आहेत. घट्ट बसणारं टोक निवडा, वरून अंगाचा भार द्या आणि मगच फिरवा. हलत नसेल तर ड्रायव्हरच्या मुठीवर हलकेच एक ठोका.

जागा उघडी हवी. स्वयंपाकघराला लागून असलेल्या पडवीत, जवळ समई किंवा चूल पेटलेली असताना हे काम करू नका. पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरपटत जाते.

पायलट जेट आणि एअर स्क्रू काढताना काय सांभाळायचं?

वाटी काढली की फ्लोट दिसतो. त्याची पिन ज्या कानांत अडकवलेली असते ते कान नाजूक असतात. ठोकून काढायला गेलात तर कान तुटतो आणि अख्खं कार्बोरेटर भंगारात. पिन ज्या बाजूने सैल वाटते तिकडूनच बोटाच्या दाबाने ढकला. फ्लोटबरोबर सुईही येते, ती ताटात ठेवा.

मधला मोठा तो मेन जेट. त्याच्या शेजारी खोल नळीत बसलेला लहान तो पायलट. पितळ मऊ असतं, तेव्हा रुंद आणि नेमका बसणारा चपटा ड्रायव्हर घ्या.

बाहेरच्या बाजूला एक लहान स्क्रू असतो, स्प्रिंगवाला, तोच एअर स्क्रू. तो काढण्याआधी आत पिळा आणि फेरे मोजा. हलकेच टेकेपर्यंत किती आटे गेले, दीड, पावणेदोन, जे असेल ते कागदावर लिहा. टेकला की थांबा. माझ्याच हातून एकदा आरएक्सचा हा स्क्रू जास्त आवळला गेला आणि त्याचं सुईसारखं टोक भोकात मोडून बसलं. ते काढायला मला एक रविवार लागला. स्क्रूमागे स्प्रिंग, बारीक वॉशर आणि रबरी रिंग असते. रिंग बहुतेकदा भोकातच चिकटून राहते. ती तिथेच ठेवून स्प्रे मारलात तर फुगून वाट कायमची अडवते.

जेट साफ करायला टाचणी चालेल?

नाही. सुई, टाचणी, क्लच केबलची तार, सगळं पोलाद आणि पितळापेक्षा कडक. भोक ०.०२ मिलीमीटरने जरी मोठं झालं तरी ०.४ च्या जेटमध्ये क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढतं. गाडी मग आयुष्यभर जास्त पेट्रोल पीत राहील आणि कारण कुणालाच सापडणार नाही.

घरातल्या लवचिक वायरचा एक तांब्याचा धागा घ्या. तो बहुधा ०.२ मिलीमीटरचा असतो आणि पितळापेक्षा मऊ. आधी जेट क्लीनरमध्ये तासभर भिजवा, मग धागा आरपार घाला, मग पुन्हा स्प्रे. उजेडाकडे धरून बघा: भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. नुसता उजेड दिसला म्हणजे झालं असं नाही. चंद्रकोर दिसत असेल तर अजून थर बाकी आहे. पायलट जेटच्या अंगावरही आडवी बारीक भोकं असतात, हवा मिसळण्यासाठी. तीही मोकळी करा.

चिंच-लिंबाचं विचाराल तर: पितळेचा हिरवा डाग त्याने जातो, वॉर्निश जात नाही. आणि घासायची पावडर तर अजिबात नको, तिचेच कण भोकात बसतात.

जेट चकचकीत केला, तरी फरक नाही. आता?

आता खऱ्या कामाला लागायचं. नव्वद टक्के लोक जेट साफ करून थांबतात, पण जेट हा वाटेचा फक्त दरवाजा आहे. पुढची वाट कार्बोरेटरच्या अंगात आहे, दिसत नाही, आणि तिच्यात काटकोनी वळणं आहेत.

या वाटेला चार तोंडं असतात. एक, पायलट जेट जिथे बसतो ती नळी. दोन, फिल्टरच्या बाजूला कार्बोरेटरच्या तोंडाशी असलेलं हवेचं बारीक भोक. तीन, एअर स्क्रूचं भोक. चार, इंजिनच्या बाजूची भोकं: एक स्लाइडच्या पलीकडे, तेच स्लोचं मुख्य तोंड, आणि एक ते तीन अगदी स्लाइडच्या कडेखाली. ही कडेखालची म्हणजे बायपास. स्लोवरून रेसवर जाताना मधल्या क्षणाला तीच पेट्रोल पुरवतात. टॉर्च धरून, डोकं वाकडं करून बघितलं तर दिसतात. टाचणीच्या टोकाने टोचल्यासारखी.

स्प्रेची नळी पायलट जेटच्या नळीत घट्ट दाबून धरा आणि फवारा मारा. बाकीच्या प्रत्येक तोंडातून धार आली पाहिजे. जिथून येत नाही ती वाट बंद. मग युक्ती अशी: ज्या तोंडांतून धार येते ती बोटांनी दाबून धरा आणि पुन्हा मारा. सगळा जोर बंद तोंडावर जातो. पाच मिनिटं भिजू द्या, पुन्हा मारा. नंतर उलट दिशेने, म्हणजे स्क्रूच्या भोकातून आणि हवेच्या भोकातून. कचरा ज्या दिशेने येऊन अडकला त्याच दिशेने ढकललात तर आणखी घट्ट बसतो. उलट ढकलला की निघतो. चष्म्याचं आठवतंय ना? धार नेमकी अनपेक्षित भोकातून डोळ्यात येते.

स्प्रे नसेल तर मेडिकलमधली सिरिंज, सुईशिवाय, पेट्रोल भरून. दाब हाताला जाणवतो, आणि वाट सुटते तो क्षणही जाणवतो. एकदम हात हलका होतो. या कामातला तो सगळ्यात आनंदाचा क्षण.

शेवटी पंक्चरवाल्याकडे जाऊन कॉम्प्रेसरची हवा मारून घ्या. मात्र फ्लोट, सुई, रबरं, डायफ्रॅम, सगळं काढलेलं असताना. हवेने लहान पार्ट उडून नाल्यात जातात, म्हणून ते घरीच ठेवून फक्त रिकामं अंग घेऊन जा.

तरीही एक भोक सुटत नाही.

क्षार बसला असेल. अंग रात्रभर क्लीनरमध्ये बुडवा (रबराशिवाय). त्यानेही नाही झालं तर अल्ट्रासॉनिक मशीन. मोठ्या गॅरेजमध्ये असतं. नसेल तर सराफाकडे दागिने धुवायला तेच मशीन असतं, ओळख असेल तर विचारा. त्यात गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाचे थेंब वापरायचे, पेट्रोल कधीही नाही. नंतर हवेने कोरडं करायचं. अंगावर गोल पत्र्याच्या लहान टिकल्या ठोकून बसवलेल्या दिसतील. त्या वाट खोदताना पडलेली भोकं बुजवण्यासाठी असतात. त्या उचकटू नका, परत हवाबंद बसत नाहीत.

जुन्या अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरला हेच लागू पडतं?

तत्त्व तेच. फरक इतकाच की वरच्या झाकणाखाली पातळ रबरी डायफ्रॅम असतो. स्प्रे लागला की तो फुगतो, आणि फुगलेला घाईने बसवला की चिमटून फाटतो. आधी तो बाहेर काढा. शिवाय बऱ्याच स्कूटरना आपोआप चालणारा, विजेचा चोक असतो, त्यामुळे चोक ओढून बघण्याची चाचणी तिथे करता येत नाही.

बसवल्यावर ट्यूनिंग कसं करायचं?

एअर स्क्रू लिहून ठेवलेल्या आट्यांवर आणा. गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा. थंड इंजिनवर केलेलं ट्यूनिंग दुपारपर्यंत टिकत नाही. आयडलिंग थोडं वर ठेवा, मग एअर स्क्रू पाव-पाव आट्याने फिरवा आणि प्रत्येक वेळी पाच-सात सेकंद ऐका. जिथे आवाज सगळ्यात चढा आणि एकसारखा होतो तिथे थांबा. मग आयडलिंग खाली आणा.

कोणत्या दिशेला काय होतं ते स्क्रूच्या जागेवर ठरतं. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा मोजतो: आत पिळला की हवा कमी, म्हणजे पेट्रोल जास्त. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा फेस मोजतो: बाहेर सोडला की पेट्रोल जास्त. स्क्रू पूर्ण आत गेला तरी आवाजात काहीच फरक पडत नसेल, तर वाट अजून तुंबलेली आहे. परत खोला. कंटाळा येतो, मान्य.

सगळं केलं, वाटा मोकळ्या आहेत, तरी स्लोवर मरते.

मग फुकटची हवा शोधा. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधलं रबर उन्हाने तडकतं. वाकवून बघितल्याशिवाय चीर दिसत नाही. तिथली ओ-रिंग चपटी झालेली असते. त्यानंतर टॅपेट (व्हॉल्वची फट ठरवणारे स्क्रू): फार आवळले असतील तर व्हॉल्व पूर्ण बसत नाही आणि स्लोवर कॉम्प्रेशन गळतं. मग प्लग. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बंद असेल तर गाडी दहा-पंधरा मिनिटांनी मरते आणि झाकण उघडलं की चालते, ती गोष्ट वेगळी.

महाबळेश्वरला गेलं की आयडलिंग बिघडतं, खाली आलं की बरं. तुंबलंय का?

नाही. तिथे उंची साधारण १,३५० मीटर, हवा १२-१५ टक्क्यांनी विरळ. कार्बोरेटरला ते कळत नाही, तो पेट्रोल जवळपास तेवढंच देतो, म्हणजे हवेच्या मानाने जास्त. सुट्टीपुरतं चालवून घ्या.

पुन्हा तुंबू नये म्हणून?

गाडी महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. वाटी रिकामी झाली की वॉर्निश होणार कशाचं? उरलेलं ड्रेनच्या स्क्रूने काढा. ज्या गाड्यांच्या कॉकला बंदची जागाच नसते त्यांना फक्त ड्रेन. गावी गाडी ठेवून जाताना शेजारच्या पोराला किल्ली देऊन ‘आठवड्यातून एकदा चालव रे’ म्हणणं हा त्याहून चांगला उपाय आहे, फक्त तो ती रोज चालवेल हे गृहीत धरा.

माझी गाडी २०२० नंतरची आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नियम) आलं आणि बहुतेक दुचाकी इंजेक्शनवर (कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) गेल्या. काही लहान गाड्यांत इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटर राहिला, पण त्याला सेन्सर जोडलेले असतात. तो घरी खोलू नका. इंजेक्शनवाल्या गाडीला यातलं काहीच लागू नाही.

काढलेलं शिळं पेट्रोल कुठे टाकू?

गटारात, आळ्यात, विहिरीजवळ नको. झाकणाच्या कॅनमध्ये भरून नाक्यावरच्या गॅरेजला द्या. चेन आणि ब्रेकचे पार्ट धुवायला ते त्यांना हवंच असतं.